शनिवारची खुर्ची

मशीनला जोडून घेण्याआधी सर आपला फिल्टर खिडकीशी न्यायचे आणि उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, आरपार बघायचे. अंडी घेणारी चोखंदळ बाई दुकानातल्या बल्बसमोर अंडं धरते तसं. मग तो धुतल्यावर नळीतून जे पाणी बाहेर पडायचं, त्याचा वास घ्यायचे. दोन वेळांच्या मध्ये फिल्टरमध्ये जंतुनाशक भरून ठेवतात. त्याचा जरासा वास आला की हाक जायची.

“प्रशांत, परत धू.”

“सर, धुतलाय ओ. पट्टी लावून चेक पण केलाय.”

“पट्टीला नाक नसतं. परत धू.”

प्रशांत म्हणजे आमचा टेक्निशियन. लालबागचा, तोंडाने फटकळ. “एवढा त्रास तर माझी सासू पण नाय देत,” असं पुटपुटायचा, पण परत धुवायचा. सर मग तो फिल्टर दोन्ही हातांत धरून स्वतः खुर्चीपर्यंत आणायचे. सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी आणतात तसा, न हिंदकळता.

ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. परळच्या एका कॉलेजात आयुष्यभर पॉलिमर शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. मी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहणारा कारकून आहे, बारावीत रसायनशास्त्रात काठावर पास झालेला. आमची गाठ पडली ती परळच्याच एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरमध्ये. त्यांची खुर्ची खिडकीजवळची, माझी तिच्या शेजारची.

एक गोष्ट मला आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं उसन्या प्रेमाचं वाटेल. ज्याच्या किडन्या बंद पडल्या त्याला आठवड्यातून तीन दिवस मशीनवर बसावं लागतं. रक्त एका नळीने बाहेर येतं, फिल्टरमधून गाळलं जातं, दुसऱ्या नळीने परत आत जातं. चार तास. आमच्या सेंटरमध्ये दर परवडणारा, म्हणून रांग मोठी आणि खुर्च्या थोड्या. नव्या माणसाला दोनच दिवस मिळायचे. तिसरा दिवस मिळायचा तो कुणाचा तरी रिकामा झाल्यावर. क्वचित कुणाला किडनी मिळायची. एरवी दिवस रिकामा कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मला मंगळवार आणि गुरुवार मिळाले होते. सरांकडे मंगळवार, गुरुवार आणि शनिवार.

गुरुवार ते मंगळवार हे दिवस मी कसे काढायचो ते माझ्या बायकोला माहीत. ती दिवसभराचं पाणी एका फुलपात्राने मोजून द्यायची. रविवारी पाय सुजायचे. सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या घरी चढताना मी पहिल्या मजल्यावर पायरीवर बसायचो आणि येणारे-जाणारे मला वळसा घालून जायचे. ती आपली किडनी द्यायला निघाली होती, पण तिला साखरेचा आजार. डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये ती माझी माफी मागत होती. म्हणून प्रत्येक मंगळवारी आत शिरताना मी आधी भिंतीवरच्या रॅककडे बघायचो. त्या रॅकवर प्रत्येकाचा फिल्टर नावाची चिठ्ठी लावून ठेवलेला असे. मग हळूच प्रशांतला विचारायचो, “काही झालं का?”

त्याला कळायचं. “नाय अजून,” तो म्हणायचा.

सरांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे नाही, माझ्या शर्टाकडे बघितलं.

“टेरिकॉट?”

“हो.”

“सदुसष्ट-तेहतीस. पॉलिएस्टर जास्त, कापूस कमी. घाम येत असेल ना यात?”

“मला हल्ली घामच येत नाही, सर.”

“हं,” ते म्हणाले. “तेही खरं.” 

माणसाचं नाव, गाव विचारण्याआधी ते त्याच्या अंगावरच्या वस्तू विचारायचे. प्लास्टिकचा डबा उलटा करून त्याच्या बुडाखालचा त्रिकोण बघायचे, त्यातला आकडा वाचायचे आणि तो डबा कशाचा ते मालकाला सांगायचे. मालकाला त्याचं काय करावं ते कळायचं नाही. आपल्या खुर्चीच्या रेक्झिनवर ते घरची चादर अंथरायचे. सिस्टरने नियम सांगितला की बाहेरची चादर चालत नाही. “उकळून आणलीय,” सर म्हणाले. पुढच्या वेळीही उकळून आणली. महिनाभर हा वाद चालला आणि शेवटी डॉक्टरांनी हात जोडले. चादर जाड सुती, कडेला निळा पट्टा. कोपऱ्यात गिरणीचा शिक्का होता, तो धुऊन धुऊन आता नुसता डाग राहिला होता. वडील ज्या गिरणीत होते तिथली.

वडील कापूस पिंजायच्या खात्यात होते. “आमच्या घरी बाप यायच्या आधी खोकला यायचा,” सर म्हणायचे. “जिन्यात ऐकू आला की आई भाकरी टाकायची. पंचावन्नाच्या आत गेला. छाती कापसाने भरलेली.” मग आपल्या फिल्टरकडे बोट करून, “आधी ही आतली जाळी कापसापासूनच करायचे, ठाऊक आहे? सेल्युलोज. ज्या कापसाने बाप मेला त्यानेच पुढे जगभर लोकांची रक्तं गाळली. कापसाला काही माहीत नसतं रे. कापूस आपला लांबच लांब असतो, इतकंच.”

सुया टोचलेला हात चार तास हलवता येत नाही. सर मोकळ्या हाताने शिकवायचे. एकदा मी सहज विचारलं, की पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच ना? त्यांना वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी हॉलच्या एका टोकापासून सुरुवात केली.

“ही नळी पीव्हीसी. मोरीचा पाइप असतो ना, तोच. त्यात तेलासारखं एक द्रव्य मुरवलं की असा मऊ होतो. द्रव्य उडून गेलं की परत कडक, मग तडकतो. फिल्टरचं कवच पॉलिकार्बोनेट. आतली जाळी आता पॉलिसल्फोन. पडदे पॉलिएस्टर. सिस्टरचे हातमोजे रबर, झाडाच्या चिकाचे. तुझे केस, नखं केराटिन. कातडी कोलॅजन. सकाळची इडली स्टार्च. एकसारख्या बारक्या रेणूंना एकमेकांचे हात धरायला लावायचे, हजारोंनी. की झालं पॉलिमर.”

“मग पॉलिमर नाही असं इथे काय आहे?”

“पाणी,” ते म्हणाले. “मीठ. युरिया. ज्याच्यापायी आपण इथे येतो ते सगळं सुटं आहे. सुटं असतं तेच त्रास देतं.”

एकदा नव्या खोक्यातून फिल्टर काढताना प्रशांतच्या हातून एक खाली पडला आणि त्याचं तोंड तुटलं. तो टाकून द्यायला निघाला तर सरांनी मागून घेतला. दोन दिवसांनी ते पिशवीतून एक पुडकं घेऊन आले. घरी त्यांनी करवतीने ते कवच कापलं होतं. आतून निघाला पांढऱ्याशुभ्र केसांचा लांब झुपका, मऊ, नुकत्याच न्हालेल्या म्हातारीचा असावा तसा. सरांनी तो हॉलभर फिरवायला लावला. आम्ही सगळे वर्षानुवर्षं ज्यातून रक्त गाळून घेत होतो ते आतून कसं दिसतं ते कुणीच बघितलं नव्हतं. लोक हातात घेताना घाबरत होते.

समोरच्या रांगेत लालबागच्या एक मावशी बसायच्या. आयुष्य मसाले कुटण्यात गेलेलं, आवाज खणखणीत. त्यांनी तो झुपका गालाला लावून बघितला.

“प्रत्येक केस पोकळ आहे, मावशी,” सर इकडून ओरडून सांगत होते. “आतून तुमचं रक्त, बाहेरून पाणी. भिंतीला भोकं. घाण बारीक असते, ती भोकातून निसटते. रक्तातली प्रोटीनं मोठी, ती अडतात.”

“म्हणजे बारीक तो बाहेर नि मोठा तो आत?” मावशी म्हणाल्या. “आमच्या सोसायटीसारखंच की, सर. टॉवर झाला तेव्हा असंच गाळलं आम्हाला.”

त्या दिवशी हॉल हसला. सर सगळ्यात जास्त. हसताना त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला आणि प्रशांत धावत आला. “सर, हसायचं पण विचारून हसा ओ,” म्हणाला.

मावशी पावसाळ्याच्या शेवटी गेल्या. मी मंगळवारी आत आलो, रॅककडे बघितलं, त्यांच्या नावाची चिठ्ठी नव्हती. माझ्या मनात मावशी आल्याच नाहीत. आला तो त्यांचा शनिवार. मी तसाच प्रशांतकडे गेलो. तो मान हलवून म्हणाला, “तुमच्या आधी एक जण आहे. त्याला दिला. आता पुढचा नंबर तुमचाच.” मी खुर्चीवर येऊन बसलो. सर माझ्याकडे बघत होते.

“नाही लागला ना नंबर?” त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. तसा तो असता तर बरं झालं असतं. मला मान वर करवेना.

“मीही विचारायचो,” सर म्हणाले. “या खिडकीजवळ आधी एक शिंपी बसायचा. चांगला माणूस. त्याच्या खोकल्याकडे मी कान लावून असायचो.”

त्यांच्या मोकळ्या मनगटावर नेहमी एक रबरबँड असे, भाजीच्या जुडीला असतो तसला. त्या दिवशी त्यांनी तो काढून मला दिला. “खालच्या ओठाला लाव. आता झटकन ताण. काय वाटतं?”

“गरम.”

“तसाच धर. थोडा वेळ जाऊ दे. आता सोड.”

ओठाला गार लागलं. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तसंच.

“ताणलं की साखळ्या सरळ होतात, शिस्तीत उभ्या राहतात. सोडलं की परत एकमेकींत गुंततात. लोकांना वाटतं रबर ताकदीने मागे येतं. ताकद कसली. नुसती गुंत्याची ओढ.” त्यांनी रबरबँड परत मनगटात चढवला. “जगायची ओढ म्हणतात ना, तीही अशीच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अभिमान वाटण्यासारखंही नाही.”

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. मला वाटलं, यांनी मला रंगेहाथ पकडलं आणि सोडून दिलं. सुटलेला माणूस जास्त घाबरतो.

सरांचा मुलगा त्यांना किडनी द्यायला तयार होता. कितीदा तरी हॉलच्या दाराशी उभा राहून तो हेच बोलायचा, हळू आवाजात, आणि सर मोठ्याने उत्तर द्यायचे. “जुन्या टायरात नवी ट्यूब घालून काय करतोस? टायरच फुटणार आहे.” मुलगा चिडून निघून जायचा आणि चार तासांनी न्यायला बरोबर हजर असायचा. खाली टॅक्सी थांबवून, वर येऊन, त्यांच्या चपला पायांशी ठेवायचा.

दिवाळीनंतर सरांच्या पोटात रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी त्यांचं हिपॅरिन बंद केलं. रक्त नळीत गोठू नये म्हणून आम्हा सगळ्यांना ते देतात. “डुकराच्या आतड्यातून काढतात,” असं सर आम्हाला फार पूर्वीच सांगून बसले होते, आणि त्या दिवशी हॉलमधल्या दोघांनी डबा खाल्ला नव्हता. “तेही पॉलिमर. साखरेची साखळी.” आता हिपॅरिन नसल्यामुळे सरांचं रक्त फिल्टरमध्ये गोठायला लागलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी शेजारीच होतो. फिल्टर वरच्या टोकाकडून काळपट होत चालला. मशीन किंचाळायला लागलं. प्रशांत धावत आला, सिस्टर आली, सलाइन सोडा, पंप थांबवा, अशी धावपळ चालली होती, आणि सर मान वळवून त्या काळ्या पडणाऱ्या नळकांड्याकडे टक लावून बघत होते.

“बघ, बघ,” ते मला म्हणत होते. “फायब्रिन, रक्त गोठवणारं. आत्तापर्यंत रेणू सुटे फिरत होते, धरले त्यांनी हात. आयुष्यभर फळ्यावर काढलं रे, कधी दाखवता आलं नाही.”

“सर, बोलू नका,” प्रशांत रडवेला झाला होता.

“अरे, त्याला बघू दे. पुन्हा कधी बघणार?”

फिल्टर आणि नळ्या, आतल्या रक्तासकट, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेल्या. ते रक्त परत देता येत नाही. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. सर पांढरे पडत गेले. मशीन सुरू झालं की रक्तदाब कोसळायचा, पाय वर करायला लागायचे. बोलणं कमी झालं. खिडकीशी फिल्टर नेणं मात्र सुटलं नाही. फक्त आता एका हाताने ते भिंत धरायचे.

फिल्टर पुन्हा वापरण्याआधी प्रशांत त्यात पाणी भरून ते मोजायचा. आतले केस हळूहळू तुंबत जातात, तसं पाणी कमी मावतं. नवा असताना मावायचं त्याच्या चार पंचमांशाहून कमी मावलं की फिल्टर बाद. सर दर वेळी विचारायचे, “माझं किती भरलं?” तो त्यांचा परिपाठ होता. त्या गुरुवारी प्रशांतने आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, “ते झालं. आता माझं मोज.”

“काय पण काय, सर.”

“मी आहे का चार पंचमांश?”

“तुम्ही तर सव्वाशे टक्के.”

“प्रशांत,” सर म्हणाले, “असा फिल्टर तू मला लावला असतास का?”

प्रशांत दुसऱ्या मशीनकडे गेला. तिथे काही काम नव्हतं. मी बघत होतो, तो नुसता एक बटण पुसत उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला त्याचा फोन आला. “उद्या या. शनिवार मिळालाय.”

“कोणाचा?”

“या ना तुम्ही.”

मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी बरेच प्रश्न विचारलेले नाहीत, पण त्या एका प्रश्नाचं वजन मला अजून कळतं. घरी सांगितलं तेव्हा बायको देवासमोर जाऊन उभी राहिली.

शनिवारी गेलो तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती आणि प्रशांतने मला तिथेच बसवलं. रॅकवर सरांची चिठ्ठी नव्हती. मी बघितलं होतं. बसलो, हात पुढे केला. सुया टोचून झाल्या, चिकटपट्ट्या लागल्या, रक्त नळीतून निघालं. मग मी विचारलं, “सर?”

“येणार नाहीत,” प्रशांत म्हणाला. “परवाच ठरवलं त्यांनी. डॉक्टरांशी बोलले, मुलगा पण होता. मुलगा लय रडला. जाताना सरांनी मला विचारलं, पुढचा नंबर कोणाचा? तुमचा सांगितला. ‘बरं’ म्हणाले.”

“आणखी काही?”

“नाय. ‘बरं’ एवढंच.”

रेक्झिन पाठीला चिकटत होतं. मला वाटलं होतं की ते चार तास जाता जाणार नाहीत. खरं सांगायचं तर मला गाढ झोप लागली. रविवारी पाय सुजले नाहीत. सोमवारी मी पहिल्या मजल्यावर न थांबता वर गेलो आणि दार उघडून उभ्या असलेल्या बायकोने माझ्या हातातली पिशवी घेतली.

त्याच संध्याकाळी मी करी रोडला सरांच्या घरी गेलो. जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्यांना वरच्या मजल्यावर घर मिळालं होतं. मुलाने दार उघडलं.

“तुम्हीच ना ते शनिवारचे?” त्याने विचारलं. रागाने नाही. दूधवाला की पेपरवाला, हे विचारावं तसं. “या. जागे आहेत.”

सर खाटेवर उशांना टेकून बसले होते, अंगाखाली तीच निळ्या पट्ट्याची चादर. चेहरा फुगलेला, श्वास तोंडाने चाललेला. हातात शहाळ्याच्या पाण्याचा ग्लास होता, मोठा, काठोकाठ. आम्हा लोकांना शहाळं म्हणजे विष, हृदय बंद पाडणारं. त्यांनी माझ्यादेखत तो घोट घोट घेत संपवला आणि मुलाकडे ग्लास धरला. मुलाने तो पुन्हा भरला.

“पोटॅशियम,” सर म्हणाले. “भरपूर.”

“सर, मला माहीत नव्हतं.”

“प्रशांतने सांगितलं नाही?”

“सांगितलं. सुया टोचल्यावर.”

“म्हणजे तू सुया टोचल्यावर विचारलंस.”

 मी जे बोलायचं ठरवून आलो होतो ते बोललो. “मी सेंटरला सांगतो मला शनिवार नको. तुम्ही परत या.”

“नको असतं तर बसला नसतास,” सर म्हणाले. माझा शर्ट बघून ‘टेरिकॉट’ म्हणाले होते त्याच आवाजात.

“माझ्यासाठी केलंत का तुम्ही?”

“उगाच मोठा होऊ नकोस.” त्यांना दम लागला, थांबावं लागलं. “मला तहान लागली होती. इतकी वर्षं लागली होती. बस.”

ते खरं बोलले की माझ्यावरचं ओझं काढायला बोलले, ते मला आजही सांगता येत नाही. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मनगटावरचा रबरबँड सुजेत रुतला होता. तो दुखत होता, पण सर मुलाला हात लावू देत नव्हते. मला म्हणाले, “तू काप.” मुलाने कात्री दिली. मी कातडीला लागणार नाही असं टोक आत सरकवलं आणि तो कापला. रबरबँड उसळून त्यांच्या मांडीवर पडला आणि वेटोळं होऊन राहिला.

“आला परत जागेवर,” सर म्हणाले.

मनगटावर मात्र खोल वळ राहिला होता. सरांनी त्यावर अंगठ्याने दाबलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच. आम्ही तिघंही त्या खळग्याकडे बघत होतो. तो भरून येईना.

“हे काही रबर नव्हे,” ते म्हणाले, आणि मुलाकडे बघून, “पाणी दे रे.”

आठवडा भरायच्या आत ते गेले. मी दादरला उतरून एक शाल घेतली, दुकानदाराने चांगली म्हणून दिली ती, आणि परळच्या स्मशानात पोचलो. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, टक्कल पडलेले, पोट सुटलेले. बरेच जण शाली घेऊन आले होते. मुलगा प्रत्येक शालीवरून बोट फिरवत होता आणि बाजूच्या बाकावर ठेवत होता. माझ्या शालीवरूनही फिरवलं.

“ही नको. पॉलिएस्टर आहे. वितळून अंगाला चिकटतं. बाबांनी बजावून ठेवलं होतं. कापूस नीट जळतो, म्हणाले, मागे काही ठेवत नाही.”

सर त्या गिरणीच्या चादरीत होते. निळा पट्टा पायांकडे आला होता. बाकावर चकचकीत शालींचा ढीग झाला, त्यात माझी सगळ्यात वर. निघताना ती उचलावी की तिथेच ठेवावी ते मला कळेना. उचलली. बायकोने ती घरात घेऊ दिली नाही. स्मशानातली वस्तू. जिन्याखाली वॉचमनच्या स्टुलावर ती अजून पडलेली असते. तो थंडीत गुंडाळतो.

याला आता बरेच महिने झाले. मी मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी जातो. खिडकीजवळ बसतो. फिल्टर लावण्याआधी उजेडाकडे धरून बघतो. मला त्यात काही दिसत नाही. सरांना काय दिसायचं ते मी कधी विचारलं नाही. “आता तुम्ही पण सुरू झालात का?” असं प्रशांत म्हणतो, पण वेळ देतो. माझ्या जुन्या खुर्चीवर माटुंग्याच्या एक बाई येतात, शिवणाचे क्लास घेणाऱ्या. मंगळवार आणि गुरुवार. फार बोलत नाहीत. पायांतल्या चपला हल्ली त्यांना बसत नाहीत, पुरुषांच्या मापाच्या घालून येतात.

गेल्या गुरुवारी माझं आधी संपलं. मी दंडावर कापसाचा बोळा दाबून रॅकशी उभा होतो. त्यांचं संपल्यावर त्या तिथे आल्या. मी प्रशांतच्या पलीकडे होतो, त्यांना दिसलो नसेन.

“काही झालं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाय ताई. अजून नाय,” प्रशांत म्हणाला, आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणून त्यांनीही बघितलं.

मला त्यांना सांगायचं होतं, की माझं काही म्हणणं नाही. की यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सरांनी मला सांगितलं होतं तसं, त्याच आवाजात. पण तो आवाज माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणालो, “सोमवारी जिना चढताना मध्ये बसत जा.” त्या ‘हो’ म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकून त्या मोठ्या चपलांत पाय सरकवायला लागल्या.

प्रशांतने माझा फिल्टर धुऊन, पाणी भरून मोजायला लावला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “माझं किती भरलं?”

“भरपूर आहे ओ अजून,” तो म्हणाला.

त्या बाईंचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला होता. त्या खाली बघत होत्या आणि ऐकत होत्या.